मध शुद्ध आहे ना?

मराठी पर्यटक तसा भाबडा. महाबळेश्वरच्या बाजारात 'फक्त आजच्या दिवस' म्हणून विकली जाणारी शाल तो दर वर्षी घेतो. 'आज हवा साफ आहे, पॉइंटावरून समुद्र दिसतोय' असं घोडेवाल्याने सांगितलं, की धुक्यात डोळे ताणून बघतो आणि दिसला म्हणून घरी फोनही करतो. गाडीवरच्या मंचुरियनला तो रंग कशाने आला, हे त्याने जन्मात विचारलेलं नाही. पण समोर मधाची बाटली येऊ द्या. याच भाबड्या माणसाच्या अंगात अन्न व औषध प्रशासन संचारतं. तो बाटली उन्हात धरतो, उलटी करतो, आतला बुडबुडा किती सेकंदांत वर येतो ते बघतो आणि विक्रेत्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारतो, "शुद्ध आहे ना?"

आजवर एकाही विक्रेत्याने या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. तरी प्रश्न विचारायचा तो विचारायचाच.

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरात मध हा जुना धंदा. जांभूळ, हिरडा, गेळा आणि काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, असा इथला फुलोरा. महाबळेश्वरजवळचं मांघर मे २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातलं पाटगावही त्या पंगतीत बसलं. पेट्या आधीपासून होत्याच. आता पाट्या आल्या. आणि पाट्यांमागून मोटारी आल्या.

मी ज्या घराबद्दल सांगतोय ते याच मुलखातलं. नाव-पत्ता सांगत नाही, त्यांच्याकडे आधीच पुष्कळ गर्दी असते. घरामागे जांभळीच्या सावलीत मधपेट्या आणि पुढे ओट्यावर विक्रीचं टेबल. मागचं खातं अण्णांचं. ते मधपाळ, माणसांशी कमी बोलतात, माश्यांशी त्याहून कमी. पुढचं खातं काकूंचं. दोन्हींच्या मध्ये पाहुण्यांना हिंडवून माहिती द्यायचं काम त्यांच्या मुलाचं, म्हणजे दादाचं. पैसे, पार्सल आणि 'आम्ही देवळापाशी उभे आहोत, पुढे कसं यायचं?' हे फोन वहिनींकडे. तालुक्यात देवळं किती आहेत, याची पाहुण्यांना कल्पना नसते. राहिल्या आजी. त्यांच्याकडे कुठलंच खातं नाही, म्हणून त्या सगळ्या खात्यांवर लक्ष ठेवतात.

अंगणात शिरताच सूचनांचा फलक आहे. काळे, भडक किंवा लोकरी कपडे घालून पेट्यांजवळ जाऊ नये. अत्तर, सेंट मारून जाऊ नये. केळं खाऊन जाऊ नये. पहिल्या दोन सूचना लोक मान डोलावून वाचतात. तिसरीपाशी वादाला तोंड फुटतं. "केळ्याने काय होतं?" मधमाशी डंख मारते तेव्हा सोबत धोक्याचा वासही सोडते आणि बाकीच्या माश्यांना सावध करते. त्या वासातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं. म्हणजे आपण केळं खाऊन पेटीपाशी वाकलो, की माशीच्या भाषेत 'मारा याला' असं ओरडत वाकलो. दादा हे समजावून सांगतो आणि चतुर्थीच्या दिवशी हमखास घोळ होतो. उपास असल्याने निम्मी मंडळी केळी खाऊनच आलेली असतात. त्यांना लांबच्या बाकावर बसवतात. तिथून ती इतरांना 'पुढे होऊ नका, चावेल' अशा सूचना करत राहतात.

काळ्या कपड्यांचंही तेच. काळं आणि केसाळ काही दिसलं की माशीला अस्वल आठवतं, असं मधपाळ सांगतात. हे ऐकल्यावर महाबळेश्वरची थंडी म्हणून खास आणलेलं काळं लोकरी जाकीट घालून आलेले गृहस्थ दुखावतात. अस्वलाशी तुलना त्यांच्या घरी आधीही कोणीतरी केलेली असते.

मग अण्णा पेटी उघडतात. एवढा वेळ बोलणारी माणसं इथे आपोआप गप्प होतात. अण्णा धुराच्या डब्याचा भाता हळूच दाबून दाराशी दोन झोत सोडतात. धूर आला की माश्यांना वणवा लागल्यासारखं वाटतं. घर सोडावं लागलं तर शिदोरी हवी म्हणून त्या पोटभर मध पिऊन घेतात, आणि भरल्या पोटाच्या माशीला डंखासाठी कंबर वाकवणं जड जातं. अण्णा झाकण काढतात आणि दोन्ही हातांच्या चिमटीत एक चौकट सरळ वर उचलतात. तिरकी नाही, झटक्याने तर नाहीच. चौकटीवर माश्यांचा थर हलत असतो. त्यांच्या फटींतून षट्कोनी घरं दिसतात. वरच्या कडेला मध, त्याखाली पिवळ्या-तांबड्या परागाचा पट्टा आणि मधोमध अंडी-अळ्यांचा पाळणाघर विभाग. काही घरांवर पांढरट मेणाची झाकणं असतात. फुलातला रस पाण्यासारखा पातळ असतो. माश्या पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात आणि ते विसेक टक्क्यांवर आलं की घराला झाकण लावतात. "झाकण लागलं की मध तयार," अण्णा सांगतात. त्यांचं त्या दिवसाचं सगळ्यात लांब वाक्य हेच.

यावर मागून प्रश्न येतो, "पण शुद्ध आहे ना?"

ही वर उचलता येणारी चौकट दिसायला साधी, पण तिच्यामागे एका पाद्र्याची अक्कल आहे. अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये ओळखलं, की दोन पोळ्यांमध्ये माशीला ये-जा करण्यापुरती नेमकी फट ठेवली तर माशी ती बुजवत नाही. मग पोळं मोडावं लागत नाही. चौकट काढायची, मेणाची झाकणं सुरीने तासायची, यंत्रात गरगर फिरवून मध बाहेर उडवायचा आणि रिकामं पोळं माश्यांना परत द्यायचं. पुढे दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या देशी सातेरी माशीच्या मापाची लहान पेटी बनवली. दादाने 'न्यूटन पेटी' म्हटलं की एखादा हुशार मुलगा सफरचंदाची गोष्ट सांगायला लागतो आणि त्याचे आईवडील कौतुकाने त्याचा व्हिडिओ काढतात. दादा तो संपेपर्यंत थांबतो. सुरुवातीला तो दुरुस्ती करायचा. त्याने विक्रीवर परिणाम होतो हे लक्षात आल्यापासून त्याने दोन्ही न्यूटन एकच होऊ दिले आहेत.

पेटी उघडली की दर्शनाची घाई सुरू होते. "राणी कुठाय? राणी दाखवा ना!" लोकांच्या मनात राणीमाशी म्हणजे मोठ्ठी, झळाळती आणि जमलं तर मुकुट घातलेली. अण्णा काडीने दाखवतात ती इतरांहून जरा लांबोडी, घाईत चाललेली एक माशी. "हीच? एवढीशी?" तिकीट वसूल न झाल्याचे भाव चेहऱ्यावर. त्यात दादा खुलासा करतो की ही राणी राज्य वगैरे काही करत नाही. दिवसाला शेकडो अंडी घालणं एवढंच तिचं काम. त्यात ढिलाई झाली की कामकरी माश्या तिच्या जागी नवी राणी तयार करायला घेतात. साध्याच अळीला वेगळा खुराक देऊन.

एकदा एका सासूबाईंनी 'दिवसाला शेकडो' हे ऐकून सुनेकडे अर्थपूर्ण पाहिलं. सून शांतपणे म्हणाली, "तिला तोंडात घास भरवायला माणसं आहेत, आई. स्वयंपाक दुसऱ्याच करतात." माहिती अगदी बिनचूक होती. राणी स्वतःच्या हाताने खात नाही. आजींनी ओट्यावरून त्या सुनेला एक छोटी बाटली फुकट दिली.

राणीनंतर नर. नर माश्या मध गोळा करत नाहीत, पोळं बांधत नाहीत, त्यांना डंखही नसतो. आयते खातात आणि टंचाई आली की कामकरी माश्या त्यांना दारातून बाहेर काढतात. इथे दादा ठरलेला विनोद करतो. प्रत्येक तुकडीत ठरल्या जागी एक बाई नवऱ्याला कोपर मारते आणि नवरा ठरल्याप्रमाणे हसतो. हा विनोद आता झिजलाय, काढून टाक, असं मी दादाला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, "काढला होता महिनाभर. बायका पुढे टेबलापाशी येईपर्यंत गंभीर राहायच्या. गंभीर माणूस पाव किलोच घेतो."

दादाचा स्वतःचा आवडता भाग म्हणजे माशीचा नाच. फुलोरा सापडलेली माशी घरी येऊन पोळ्यावर नाचते. सूर्याच्या रोखाने कुठे वळायचं आणि किती लांब जायचं, हे सगळं त्या नाचात असतं. हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडलं आणि त्याला १९७३ चं नोबेल मिळालं. ज्या प्रजेला 'सरळ या, तिथून कोणालाही विचारा' असा पत्ता सांगायची सवय आहे, तिने खरं तर इथे हात जोडायला हवेत. प्रत्यक्षात दोन मागण्या होतात. "परत नाचायला लावा, रेकॉर्डिंग चालू नव्हतं." आणि "आता गाण्यावर."

सगळ्यात नाजूक प्रसंग पावसाळ्यात ओढवतो. महाबळेश्वरचा पाऊस तो. आठवडेच्या आठवडे माशीला बाहेर डोकावता येत नाही आणि बाहेर फुलंही नसतात. घरातला साठा संपला तर वसाहत उपाशी मरेल. म्हणून अण्णा पेटीत साखरेचा पाक ठेवतात. त्यासाठी पडवीत साखरेचं पोतं असतं. धुकं बघायला आलेला एखादा चौकस पर्यटक पडवीत आडोशाला उभा राहतो आणि त्याला ते पोतं दिसतं.

त्याच्या चेहऱ्यावर जे उजळतं त्याला आनंद हाच शब्द आहे. आयुष्यभराच्या संशयाला अखेर पुरावा मिळाला. मोबाइल वर होतो. "तर मित्रहो, बघा, हा यांचा शुद्ध मध!" वहिनी समजावतात, दादा समजावतो. शेवटी अण्णा बोलतात. "दुष्काळात छावणीत गाईला चारा घातला, म्हणून पुढच्या वर्षीचं दूध भेसळीचं होतं का?" हिशेब सरळ आहे. पाक चालू असताना मध काढायचा नाही; काढला तर ती मात्र भेसळ. फुलोरा सुरू झाला की पाक बंद. हे पटायला सोपं आहे, पण पटलं तर व्हिडिओ वाया जातो. काकू म्हणतात, पोतं लपवलं तर संशय आणि उघडं ठेवलं तर पुरावा. सध्या ते उघडंच असतं. त्यावर दादाने 'माश्यांसाठी' अशी चिठ्ठी लावली आहे. तिचेही फोटो निघतात.

मग येतात परीक्षक. यांना मध घ्यायचा नसतो, तपासायचा असतो. एकाला पाण्याचा पेला हवा. थेंब न विरघळता सरळ तळाशी गेला तर खरा. दुसऱ्याच्या खिशात काडेपेटी. मधात बुडवलेली वात पेटली तर खरा. तिसरा म्हणतो, खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही. चौथ्याकडे मुंग्या. यांच्या घरी मुंग्याच ज्या बाटलीकडे फिरकत नाहीत तो मध खरा. मुंग्यांना मध आवडतो, आणि पेट्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेत ते त्यांच्याचसाठी. घट्ट पाकही पेल्यात सरळ तळाशी जातो. पण हे कोणाला सांगणार?

भेसळ खोटी नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२० च्या डिसेंबरात १३ ब्रँडच्या मधाच्या तपासण्यांचे निकाल जाहीर केले. सगळ्या चाचण्यांत उतरले फक्त तीन. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्या चुकवण्यासाठी खास बनवलेले पाक बाजारात आहेत, हेही तेव्हाच पुढे आलं. आता जो पाक पदवीधर रसायनशास्त्रज्ञाच्या हातावर तुरी देतो, तो आपल्या टॉमीला फसवू शकणार नाही, या विश्वासाला काय म्हणावं?

परीक्षकांतला सर्वात वरचा वर्ग 'आमच्या गावी'वाल्यांचा. "आमच्या गावी एक जण जंगलातून आणून देतो, समोर पोळं पिळून. तो खरा मध." समोर पिळलेला असतो हे खरंच. पण पोळं आख्खं पिळलं की त्यात मधाबरोबर अंडी, अळ्या, पराग सगळंच उतरतं. हे सांगणारे काका बहुधा शाकाहारी असतात. अण्णा त्यांना काही सांगत नाहीत. माणसाच्या वयाचा मान ठेवतात.

यांच्यामागे हिशेबनीस. पुण्याच्या आयटीतले, नोकरीला कंटाळलेले. "पेटीमागे किती सुटतात?" मग स्वतःच बोटांवर मोजतात. कच्चा माल फुकट, फुलं सरकारी जंगलातली. मजूर फुकट, चोवीस तास, रजा नाही. "मग मध एवढा महाग का?" अण्णा उत्तर म्हणून पेट्यांच्या रांगेत फिरवतात. ही पेटी मेणकिड्याने खाल्ली. हिच्यावर गांधीलमाश्यांनी धाड घातली. त्या तारेवर बसलेला हिरवा पक्षी वेडा राघू, तो नावापुरताच वेडा. दिवसभर माश्या टिपतो. आणि ही पेटी रिकामी आहे, कारण सातेरीला जागा आवडली नाही. सातेरी तशी शांत, पण मानी. फार उघडझाप केली, खाणं कमी पडलं, की राणीसकट सगळं बिऱ्हाड उचलून निघून जाते. नोटीस देत नाही. राहिली तर वर्षाला काही किलो देते. मेलिफेरा ही परदेशी माशी तिच्या कितीतरी पट देते, पण ती पंजाब-राजस्थानातल्या मोहरीच्या सपाट शेतांत रमते. या पावसात आणि डोंगरात टिकायला सातेरीच लागते. हिशेबनीस वही मिटतात. नोकरी काही इतकी वाईट नाही, असं परतीच्या वाटेवर त्यांना वाटू लागतं.

ओट्यावर आता चाखण्याचा कार्यक्रम. एका कामकरी माशीचं हंगामातलं आयुष्य साधारण सहा आठवड्यांचं. तेवढ्यात ती चहाच्या चमच्याचा सुमारे बारावा हिस्सा मध करते, असा अंदाज मोजणाऱ्यांनी काढला आहे. म्हणजे जांभळाचा एक चमचा, हिरड्याचा एक चमचा आणि 'नीट कळलं नाही' म्हणून पुन्हा जांभळाचा एक चमचा चाखून "बरं, जाताना घेतो" म्हणणारा पाहुणा छत्तीस माश्यांचं आयुष्य चाटून गेलेला असतो. आणि जाताना दुसरा रस्ता असतो.

काकूंचं विक्रीकौशल्य म्हणजे न विकणं. "डायबेटिसला चालतो ना हो?" "डॉक्टरांना विचारा. यात निम्म्याहून कितीतरी जास्त साखरच आहे, फुलातली असली तरी." "वजन कमी होतं ना कोमट पाण्यातून?" "कोमट पाण्याने झालं तर बघा." नातवाच्या जिभेवर सोन्याच्या अंगठीने मध लावायला म्हणून छोटी बाटली मागणाऱ्या आजोबांना तर त्यांनी माझ्यादेखत साफ नकार दिला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. त्यातल्या जिवाणूंचे बीजाणू मोठ्या माणसाला काही करत नाहीत, पण बाळाचं आतडं ते सोसत नाही. "आमच्या सगळ्या पिढ्यांना चाटवलाय," आजोबा म्हणाले. "मोठा झाला की घेऊन या, अख्खी बाटली देते," काकू म्हणाल्या. आजोबा रागावून गेले आणि समोरच्या दुकानातून स्ट्रॉबेरी क्रश घेऊन गेले. ते शुद्ध आहे का, असं त्यांनी विचारल्याचं ऐकू आलं नाही.

इतके दिवस हे नाटक बघून माझं एक मत झालंय. आपल्याला शुद्ध मध नको असतो, एकसारखा मध हवा असतो. बारा महिने तोच रंग, तीच धार, तीच चव. हे फक्त कारखान्यालाच जमतं. या घरचा मध एका हंगामात काळपट आणि किंचित तुरट, तर दुसऱ्यात फिका सोनेरी. कारवी फुलली त्या वर्षीचा निराळाच. "मागच्या वेळचा असा नव्हता, म्हणजे दोन्हींतला एक नकली," असं ग्राहक विजयाने सांगतो. जंगल दर वर्षी एकाच तारखेला तीच फुलं फुलवत नाही, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि थंडी पडली की वहिनींचा फोन वाजायला लागतो. "तुमच्या मधात खाली साखर बसलीये!" पुण्याहून, ठाण्याहून, एकदा तर न्यू जर्सीहून. मधातलं ग्लुकोज थंडीत रवाळ होऊन खाली बसतं. हा मधाचा स्वभाव आहे, गुन्हा नाही. वहिनींनी आता त्याचं उत्तर आवाजात भरून ठेवलंय आणि तेच सगळ्यांना पाठवतात.

तेच इथे लिहून ठेवतो, म्हणजे त्यांचे दोन-चार फोन तरी वाचतील. बरणीतला मध थिजला तर फेकू नका, बेसिनमध्ये ओतू नका आणि ज्याच्याकडून घेतला त्याला शिव्या देऊ नका. गॅसवर ठेवू नका. बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, तासाभराने तो पुन्हा पातळ होईल. तेवढाही धीर नसेल तर थिजलेलाच पोळीला लावून खा. चांगला लागतो.